कार्तिक वद्य पंचमी, संध्याकाळी सहा

मित्रांनो, माझी रुंदी चार फूट, उंची तीन फूट, आणि माझ्या अंगावर जे लिहिलेले असते ते अजून घडलेले नसते. घडून गेले की लगेच पुसतात. मी एक जुना फळा आहे. भोपाळच्या शिवाजी नगरात मराठी मंडळाचे एक छोटे सभागृह आहे. त्याच्या ओट्यावर, दाराच्या डाव्या अंगाला मी टांगलेला असतो. माझ्या माथ्यावर पांढऱ्या तैलरंगात 'आगामी कार्यक्रम' असे कायमचे लिहिले आहे. त्याखालचे सगळे तात्पुरते.

नागपूरहून सरकारी कचेऱ्यांबरोबर इथे आलेल्या मंडळींनी मला बनवून घेतले. चौकट सागवानाची, मधली फळी प्लायवूडची. सुताराने स्पिरिटमध्ये लाख विरघळवली, तिच्यात काजळी आणि दगडाची बारीक पूड मिसळली आणि मला त्या रंगाचे तीन हात दिले. ही पूड कशासाठी, हे मला पुढे खडूकडूनच कळले. अगदी गुळगुळीत पृष्ठभागावर खडू नुसता घसरतो. त्याला झिजायला थोडा खडबडीतपणा लागतो.

माझ्यावर लिहायचे नारायणराव उमाळकर. ते बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. दोरा खडूच्या भुकटीत बुडवून, दोन्ही टोके ताणून ते माझ्यावर टिचकी मारत, आणि सरळ रेघ उमटे. मग त्या रेघेवर अक्षरे बसत. गणपतीतले तीन अंकी नाटक, कोजागरीचे गाणे, उन्हाळी शिबिरातले बालनाट्य, जानेवारीतले चित्रांचे प्रदर्शन. कचेरी सुटली की माणसे डबे हातात घेऊन माझ्यापुढे थांबत. कोणी बसच्या तिकिटामागे वेळ टिपून घेई. "उमाळकरांचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं," असे म्हणत ते माझ्याकडे बघत आणि मला वाटे, माझेच कौतुक चालले आहे. चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात, शहरात विषारी वायू पसरला तेव्हा, माझ्यावर एका नाटकाची तारीख होती. ते नाटक झाले नाही. ती तारीख पुसायला बरेच दिवस कोणी आले नाही.

मग फोन आले. कार्यक्रम मंडळाच्या ग्रुपवर कळू लागले. लोक माझ्यासमोर स्कूटर लावू लागले. एकदा कोणीतरी शिकवणी वर्गाची जाहिरात माझ्या पोटावर चिकटवून गेले. ती काढताना माझा काळा रंग टवका टवका निघाला.

गेल्या पावसाळ्यात मंडळाची बैठक ओट्यावरच झाली. ग्रुप सांभाळणारी शिल्पा, कार्यकारिणीत नवीन आलेली, सरळच म्हणाली, "काका, एका मिनिटात दोनशे जणांना कळतं. हा फळा आता कोण वाचतं?"

"मी वाचतो," नारायणराव म्हणाले.

"तुम्हीच लिहायचं आणि तुम्हीच वाचायचं! बढिया है!"

सगळे हसले. नारायणरावही हसले. थंडीपर्यंत मला उतरवायचे ठरले.

पण थंडीच्या आधी एक कार्यक्रम व्हायचा होता, आणि तो नारायणरावांना सगळ्यांत महत्त्वाचा होता. त्यांच्या पत्नी विजयाबाई मंडळात गायच्या. एकोणीस वर्षे त्यांच्या गाण्याला सारंगीची साथ केली ती बद्रीप्रसादजींनी. ते सरकारी शाळेत संगीत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. दोन वर्षांपूर्वी विजयाबाई गेल्या. मास्टरजींची सारंगी बाईंच्या तिथीला एकदा तरी वाजावी, एवढेच नारायणरावांनी मनात धरले होते. नवरात्रात ते स्वतः रिक्षाने आनंद नगरला मास्टरजींच्या घरी गेले, तिथी सांगितली, होकार घेऊन आले आणि दोऱ्याने रेघ मारून माझ्यावर लिहिले: 'कार्तिक वद्य पंचमी, संध्याकाळी सहा. सारंगीवादन: बद्रीप्रसादजी.'

कोजागरी झाली. त्यानंतर पाच दिवसांनी, संध्याकाळी पावणेसहाला, माझ्यासमोर एक ई-रिक्षा थांबली. खादीचे जाकीट घातलेले एक वृद्ध गृहस्थ कापडी खोळीतली सारंगी छातीशी धरून उतरले. त्यांनी मला एकदा वाचले. दाराचे कुलूप पाहिले. मला पुन्हा वाचले आणि पायरीवर बसले.

दुधाची पिशवी घेऊन घरी निघालेले नारायणराव त्यांना बघून जागीच थांबले.

"मास्टरजी? आप? आज?"

"आज ही तो है, उमाळकर साहब. कार्तिक की पंचमी. कल घर में करवा चौथ हुई."

नारायणराव त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. "अरे देवा," ते म्हणाले. "मेरी गलती है. पूरी मेरी."

मित्रांनो, चूक काय झाली ते नीट सांगतो. आपला मराठी महिना अमावास्येला संपतो. इथल्या हिंदी पंचांगातला महिना पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुक्ल पक्षात दोघांचे महिने जुळतात, पण वद्य पक्षात त्यांचे पंचांग एक महिना पुढे असते. कोजागरी सरली की त्यांच्याकडे कार्तिक लागतो आणि आपला आश्विन अजून निम्मा उरलेला असतो. चंद्र एकच, त्याची कलाही एकच; महिना कुठे तोडायचा, एवढाच फरक. भोपाळमधल्या प्रत्येक मराठी घराला हे ठाऊक आहे. नारायणरावांनाही सत्तर वर्षे ठाऊक होते.

"भाभीजी हर बार पूछती थीं," मास्टरजी म्हणाले, "आपकी वाली पंचमी कि हमारी वाली?"

"हो," नारायणराव मराठीतच म्हणाले. "ती विचारायची. म्हणून मला कधी विचारावं लागलं नाही." मग सावरून म्हणाले, "कोई बात नहीं. एक महीने बाद आइए. मैं खुद लेने आऊँगा."

मास्टरजींनी मान हलवली. "परसों बेटा आ रहा है. रायपुर ले जाएगा, अब वहीं रहना है. सब सामान बँध गया. बस यही एक बाहर रखी थी, आज के लिए."

नारायणरावांनी शिल्पाला फोन केला. ती समोरच्याच क्वार्टरमध्ये राहते. पोळ्या अर्धवट टाकून, हाताला पीठ तसेच घेऊन ती आली. सभागृहाची किल्ली चिटणीस अनिकेतकडे होती आणि अनिकेत किल्लीसकट इंदूरला गेला होता.

"मग ओट्यावर बसू या," शिल्पा म्हणाली.

"पण आज तिची तिथी नाही गं," नारायणराव म्हणाले. "आज आश्विन वद्य पंचमी."

"पंचमी आहे ना, काका? ती पुढच्या महिन्यातही येईल. मास्टरजी येणार आहेत का?"

नारायणरावांनी मास्टरजींकडे पाहिले. मास्टरजी सारंगीच्या खोळीवरून हात फिरवत बसले होते. मग नारायणराव उठले, खिशातला रुमाल काढला आणि मला पुसून टाकले. दोरा नव्हता. रेघ न मारता त्यांनी लिहिले, आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्यांची अक्षरे उजवीकडे उतरत गेली: 'आज. आत्ता. इथेच. सारंगी.' त्याखाली हेच हिंदीतही.

शिल्पाने ग्रुपवर टाकले. "सत्तावीस अंगठे आले," ती दहा मिनिटांनी म्हणाली. "आणि बाकीचे म्हणतायत, आधी सांगायला काय झालं होतं? सगळे दिवाळीच्या खरेदीला गेलेत." पण कचेऱ्या सुटल्या होत्या आणि रस्त्यावर माणसे होती. एक बाई भाजीची पिशवी सांभाळत माझ्यापुढे थांबल्या.

"टिकट है क्या, भैया?"

"नहीं, सिर्फ चप्पल उतारनी है," शिल्पाने ओरडून सांगितले.

सारंगीला सदतीस तारा होत्या. त्या लावायला पंचवीस मिनिटे गेली. तोवर शिल्पाने घरून आणलेल्या सतरंजीवर अकरा माणसे बसली होती, एक इडलीवाला सायकलला टेकून उभा होता. संपताना मी चौतीस मोजली.

मित्रांनो, मी साठ वर्षे लोकांना कार्यक्रमाला बोलावत आलो, पण मी असतो भिंतीच्या बाहेर. दार लावून घेतले की आतला आवाजही नीट येत नाही. त्या संध्याकाळी मास्टरजी माझ्याखाली, तीन हातांवर बसले होते. ते तार बोटाच्या टोकाने दाबत नव्हते, नखाच्या मुळाने बाजूने रेटत होते. तिथे काळे घट्टे पडलेले मला दिसले. त्यांनी पूरिया धनाश्री सुरू केला. खालच्या काही सुरांना माझी पातळ फळी चौकटीत थरथरे. त्यात चमत्कार काही नाही, त्याला अनुनाद म्हणतात. पण मला ते आधी कधी झाले नव्हते.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले की मास्टरजी मध्येच थांबतात. एक ओळ वाजवायची, मग गज तारेवरून उचलायचा, आणि तेवढ्याच लांबीची शांतता. ऐकणाऱ्यांना वाटले, थकले असतील. इडलीवाला हळूच म्हणाला, "पानी दूँ, बाबा?" नारायणरावांनी त्याला हाताने थांबवले. मास्टरजी साथीदार होते ना. एकोणीस वर्षे ज्या जागा त्यांनी गाणाऱ्यासाठी मोकळ्या ठेवल्या, त्या आजही मोकळ्या ठेवत होते. त्या प्रत्येक शांततेत नारायणरावांचा उजवा हात मांडीवर ताल धरत होता, एक मात्राही न चुकता.

मास्टरजी निघाले तेव्हा नारायणराव त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. "तिथी में गड़बड़ हो गई," नारायणराव म्हणाले. "अच्छी हुई," मास्टरजी म्हणाले आणि रिक्षात बसले.

दुसऱ्या दिवशी मला पुसायला कोणी धजले नाही. त्यामुळे भलताच घोटाळा झाला. माझ्यावर 'आज' लिहिलेले, आणि तारीख नाही! पुढचे चार दिवस सहाच्या सुमारास कोणी ना कोणी येऊन ओट्यावर बसत असे. पाचव्या दिवशी भाजीच्या पिशवीवाल्या बाई आपल्या सासूबाईंना घेऊन आल्या. "सारंगी कितने बजे है?" त्यांनी विचारले. "रायपुर चली गई," नारायणराव म्हणाले. मग त्यांनी रुमाल ओला करून मला पुसले आणि खडू शिल्पाच्या हातात दिला. मला उतरवण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. आता शिल्पा तिथीही लिहिते आणि तारीखही. तिचे अक्षर अजून बसायचे आहे.

मित्रांनो, मला ऊन लागू देऊ नका, माझ्यावर कागद चिकटवू नका, एवढे तर मी सांगणारच. पण खरे मागणे वेगळे आहे. तुमच्या गल्लीतही कुठेतरी एखादा फळा असेल. त्यावर कोणी गाणार असेल, कोणी नाचणार असेल, शेजारच्या मुलांनी बसवलेले नाटक असेल. वाचून पुढे जाऊ नका. त्या दिवशी तिथे जा. मला पुसायला अर्धे मिनिटही लागत नाही.