आधी मला मोजा

मी एक ट्रेलर आहे, घोडे वाहणारा. मला स्वतःहून हातभरही सरकता येत नाही. पुढे ट्रक असेल तर मी वाहन, नाहीतर चार चाकांचं गंजकं खोपट.

अमेरिकेतल्या मेन राज्यात एका लोहाराच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. शेवटचं जोडकाम झाल्यावर त्याने माझ्या मानेशी एक पत्र्याची पाटी ठोकली. तिच्यावर वजनाचा आकडा होता, सात हजार पौंड. लोहाराने हातमोजे काढले, पाटीवर एक टिचकी मारली आणि तो जेवायला गेला. त्या आकड्याचा अर्थ कुणालाच सांगितला नाही.

पहिल्या मालकाने माझ्यातून वासरं नेली. पुढे त्याने गुरं विकली आणि मी काटेरी झुडपांत पडून राहिलो. माझ्या छताला एका चिमणीने घर केलं होतं. तिथून मला थेरन हॅस्केलने नेलं, पण पिल्लं उडून जाईपर्यंत तो थांबला. माणूस तसा बरा.

त्याच्याकडे दोन घोडे होते, टोबी आणि चीफ. जत्रेत दगड लादलेली घसरगाडी ओढायची शर्यत असते, तिथले हे गडी. शर्यतीआधी जोडी काट्यावर उभी करतात, त्यामुळे दोघांचं वजन थेरनला पाठ होतं. छत्तीसशे पौंड. दोघांना एकमेकांवाचून करमायचं नाही. एकाला बाहेर काढलं की दुसरा आतून लाथा घालायचा.

थेरनचा माझ्यावर जीव बसला. जीव बसला की तो त्या वस्तूत काहीतरी ठोकत बसायचा. आधी ओकच्या जाड फळ्यांची जमीन केली. मग लोखंडी गव्हाण आणि घोड्यांच्या मधे लोखंडी आडोसा. कोपऱ्यात बायकोला, लिओनाला, बसायला बाक.

"आता बघ," तो माझी पाठ थोपटून म्हणायचा, "आता हा कितीही नेईल."

मी काय बोलणार? प्रत्येक खिळ्यागणिक मी जड होत होतो.

लिओनाला मात्र शंका यायची. माझी मान ट्रकच्या मागच्या गोळ्यावर टेकते, तिथे मी दाबलं की ट्रकचं तोंड वर जायचं.

"थेरन, तुझे दिवे रस्ता दाखवतायत की कावळे?"

"तू नकाशा बघ."

"मागून कुणीतरी ढकलतंय असं वाटतं उतारावर."

"घोडे आहेत ते, लिओना. हलणारच."

ढकलत मीच होतो. माझं मलाच आवरत नव्हतं.

टोबीचं वय झालं होतं. सप्टेंबरची जत्रा ही त्याची शेवटची, असं ठरलं. परक्या गावचं पाणी तो पीत नसे, म्हणून घरच्या विहिरीचं पिंप चढवलं. गवत चढवलं. जत्रेतला पाळणा नदीपलीकडे दिसू लागला आणि पुलाच्या अलीकडे पोलिसांनी हात केला. रस्त्यावर वजनाचे काटे मांडले होते.

ट्रूडी पेलेटिए नावाची पोलीस होती. तिने मला काट्यावर घेतलं, मग पाटीवरचा चिखल अंगठ्याने पुसला.

"आठ हजार भरलाय, काका. पाटी सात हजारांची आहे."

"सात हजार न्यायची परवानगी आहे ना? माझे घोडे छत्तीसशेचे. पाणी न् गवत धरून सांग."

"आणि हा ट्रेलर काय वाऱ्याचा केलाय? सात हजारांत तोही आला. तो, आणि त्याच्या पोटात असेल ते सगळं."

थेरनने वाकून पाटी वाचली. मग म्हणाला, "तुझ्या आजोबाला मी शर्यतीत तीनदा हरवलंय, पोरी."

"ते सांगायचे. आज मात्र हजार पौंड उतरवल्याशिवाय पुलावर जाता यायचं नाही."

पाणी ओतलं. गवत उतरवलं. काटा अजून जास्तच दाखवत होता. एक घोडा इथे ठेवावा तर दुसरा शर्यतीत पाय उचलणार नाही. पलीकडे भोंग्यावर जोड्यांची नावं पुकारत होते.

थेरनने दोघांना उतरवलं.

"मी यांना चालवत आणतो. ट्रक तू घे."

"मी? इतकी वर्षं 'तुला जमायचं नाही' म्हणतोस ना?"

"जमेल. हळू ने."

ती हळू चालली. मी पुलावरून रिकामा गेलो. मागून टापा ऐकू येत होत्या, आणि मला पहिल्यांदाच ब्रेक लागल्याबरोबर थांबता येत होतं.

जोडी तिसरी आली.

"चालून दमले म्हणून," थेरन म्हणाला.

"चालून आले म्हणून तिसरे तरी आले," लिओना म्हणाली.

संध्याकाळी त्याने पाना घेतला आणि गव्हाण, आडोसा, बाक सगळं सोडवलं. भिंतीत बोल्टची भोकं तेवढी राहिली. ओकची जमीन ठेवली. लिओना दिवा धरून उभी होती.

"तुझ्या हातचं काम आहे रे."

"म्हणून तर मीच काढतोय."

परतीला दोघे घोडे माझ्यातच होते, मधे काहीच नव्हतं. उतारावर मी ढकललं नाही. टोबीने एका भोकाला नाक लावलं आणि घरापर्यंत काढलं नाही.

टोबी आता नाही. चीफ कुठे जात नाही. मी कोठारामागे उभा असतो. पाटीखाली थेरनने पांढऱ्या रंगाने माझं स्वतःचं वजन लिहिलंय, अक्षर वाकडं आहे. उद्या कुणी मला विकत नेलं तर त्याने आधी तेवढं वाचावं. आणि माझ्यावर जीव बसला तर बसू दे, पण हातोडा घरीच ठेवावा.