अकरा मजले खाली माती

साहेब, तुम्ही धनीबाईला भर रांगेत वेडी ठरवलंत. तिनं फक्त तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं.

"जन्माचं ठिकाण?" तुम्ही खिडकीतून विचारलंत.

"मुंबई."

"मुंबई का एवढीशी हाय, आजी? नाळ कोठी पुरली पोराची?"

"अकराव्या मजल्यावर."

आधी तुम्ही हसलात, मग रांग हसली.

"नाळ मातीत पुरतेत, आजी. अकराव्या मजल्यावर काय वावर होतं तुमचं?"

तिचा मुलगा बादल, सदतीस वर्षांचा बाप्या, मान खाली घालून उभा. मानोऱ्याजवळच्या तांड्यातून दोघं पहिल्या बसनं तुमच्या कचेरीत आलेली. बादलच्या मुलीचा, निताचा, नर्सिंगला नंबर लागला होता. जात पडताळणीला बापाचा शाळेचा दाखला मागितला. बाप शाळेत गेलाच नव्हता. मग म्हणे जन्माचा दाखला आणा. सोमवारी मुदत संपत होती.

धनीबाईनं खिडकीचा गज धरला.

"वावर नोयतं, साहेब. स्लॅब होता. वल्ला."

तिनं सगळं सांगितलं. मुंबईत ती इमारतीच्या कामावर मजूर होती. बांबूच्या परांचीवर बायकांची साखळी असायची, खालून वर घमेलं हातोहात जायचं. स्लॅब एकदा सुरू झाला की थांबत नाही. थांबला तर जोड राहतो आणि पुढं छत गळतं. त्या दिवशी पहाटेपासून तिचं पोट दुखत होतं. बोलली असती तर मुकादमानं खाडा लावला असता. दुपारी ती खांबाच्या सळयांमागं जाऊन बसली. रुपाबाई नावाच्या सोबतिणीनं ओळंब्याच्या दोरीनं नाळ बांधली, विळ्यानं कापली. पुरायला माती कुठं? माती अकरा मजले खाली होती. रुपाबाईनं नाळ ओल्या काँक्रीटमध्ये दाबली, गवंड्यानं वरून थापी फिरवली, आणि रुपाबाई धनीबाईच्या जागेवर साखळीत उभी राहिली.

"ढग लय खाली आले होते त्या दिवशी," धनीबाई म्हणाली. "म्हून बादल."

रांगेत आता कोणी हसत नव्हतं. तुम्ही आवाज उतरवलात.

"हे असं लेयलं त अर्ज मुंबईले जाईन. सहा महिने धरा. त्यापरीस तांड्यात जलमला लेयतो. दोन साक्षीदार, तुमचा आंगठा. झालं काम."

"याडी," बादल आईला हळूच म्हणाला, "दे आंगठा. पोरीचं वरीस जाईन."

हसणाऱ्यांतलेच दोघं साक्षीला पुढं आले. त्यांनी धनीबाईला आजवर कधी पाहिलेलं नव्हतं. 'वरील माहिती खरी आहे' या छापील ओळीखाली तिनं अंगठा टेकवला. तुम्ही शिक्का मारलात.

"आता कसं शान्यावानी केलं, आजी!"

बादलनं कागद घडी करून खिशात घातला आणि आईचा दंड धरला. ती हलली नाही.

"साहेब, खरं सांगतलं तवा तुमी हासले. लबाडी केली त शिक्का मारला. आता घरी नात इचारन, माहा बाप कोठी जलमला. तिले मी काय सांगू?"

"पुढचा!" तुम्ही ओरडलात.

पुढचा माणूस पुढं आला नाही. धनीबाई अजून खिडकीशी उभी आहे, साहेब. बोला, काय सांगायचं तिनं?