चार नंबरच्या फाटकाची दोन कुलपं

मैदानाच्या चार नंबरच्या फाटकाला दोन कुलपं होती, आणि बंबवाल्या बाईंचा जीव सकाळपासून त्या कुलपांत अडकला होता. बाई अग्निशमन दलात अधिकारी, पण सगळं मैदान त्यांना बंबवाल्या बाईच म्हणायचं.

फुकटे घुसतात, फाटक बंद हवं, असं पोलिसांचं म्हणणं. आग लागली तर लोक बाहेर कसे पडणार, असं अग्निशमन दलाचं. तीन बैठका झाल्या, बिस्किटं संपली, आणि साहेबलोकांनी समन्वय साधला: दोन्ही खात्यांनी आपापलं कुलूप लावायचं, चावी आपल्याच माणसाकडे ठेवायची. एकानं उघडलं तरी दुसऱ्याचं राहतंच की! बाईंनी तसं सांगितलंही होतं. इतिवृत्त टाइप झालंय, असं उत्तर मिळालं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो असा.

पोलिसांची चावी बाळ्याकडे होती. बाळ्या म्हणजे हवालदार आणि बाईंचा सख्खा धाकटा भाऊ.

"इथून हलू नकोस."

"ताई, चौथ्यांदा सांगतेयस."

सामना सुरू झाला तरी बाईंच्या पायाला भिंगरी. पाचव्या फेरीला आल्या तर बाळ्याची खुर्ची रिकामी, वर नुसती पाण्याची बाटली. पाहुण्यांच्या गाडीला वाट करून द्यायला साहेबांनी त्याला पुढच्या दारावर पाठवलं होतं. चावी त्याच्याच खिशात.

बाई फोन लावतायत तोच गॅलरीखालच्या एका टपरीची वायर जळाली. आग ती केवढीशी, जवानांनी लगेच विझवली. पण वरच्यांना धूर तेवढा दिसला आणि गर्दी चार नंबरवर येऊन आदळली. पुढे एक म्हातारी होती, तिचा गाल गजांवर दाबला गेला होता. बाईंनी आपलं कुलूप काढलं. दुसरं तसंच लटकत होतं.

"साहेबांना विचारून सांगतो," बाईंनी फोनवर चावी मागितली तेव्हा पोलिसांच्या नियंत्रण कक्षातून आवाज आला.

बाईंनी फोन खिशात टाकला आणि कुऱ्हाड मागवली. चार घावांत कुलूप तुटलं. तिघांची हाडं मोडली, पण म्हातारीसकट सगळे जिवंत बाहेर आले.

आठव्या दिवशी दोन्ही खात्यांच्या समितीपुढे चौकशी. सरकारी कुलूप फोडल्याची नोटीस बाईंच्या नावे आली होती. नोकरी जाते की काय, या धास्तीनं त्या रात्रभर जाग्या होत्या.

"चावी माझ्या खिशात होती," बाळ्या उभा राहून म्हणाला. "ताईनं फोडलं नसतं तर माणसं मेली असती."

"जागा सोडायला कुणी सांगितलं?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

बाळ्यानं आपल्या साहेबांकडे पाहिलं. साहेब फाइल चाळत होते.

"मीच गेलो," बाळ्या म्हणाला.

बाईंची नोटीस मागे घेतली, बाळ्या निलंबित झाला. बाईंना इतका राग आला की घरी येऊन त्या दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. साहेबांचं नाव घ्यायला काय झालं होतं मेल्याला? समितीनं मात्र धडा घेतला. आता मैदानवाल्यांचंही कुलूप लावायचं ठरलं.

पुढच्या सामन्याला बाई कुऱ्हाड बरोबर घेऊनच आल्या. चार नंबरच्या फाटकाला तीन कुलपं होती, आणि शेजारी साध्या कपड्यांत, तिकीट काढून आलेला बाळ्या उभा होता.

"तू इथं कशाला?"

"उभा राहायला," तो म्हणाला. "आज मला हलवणारं कुणी नाही, ताई. आण ती कुऱ्हाड इकडे, तू फेरी मारून ये."