नवे टायर कोणत्या चाकांना?

मित्रांनो, मी एका मोटारीचा अर्धा झिजलेला टायर आहे. तरुणपणी माझ्या अंगावर खोल खाचा होत्या. ओल्या रस्त्यावरचे पाणी त्यांतून निघून जाई आणि मी रस्ता घट्ट धरून ठेवी. मागच्या चाकांवर मी आणि माझा जोडीदार निमूटपणे राबलो. पुढचे दोघे मात्र पार गुळगुळीत झाले, म्हणून मालकांनी दोन नवे टायर आणले.

"नवे पुढेच लावा," मालक गॅरेजमध्ये म्हणाले. "गाडी पुढची चाकं ओढतात, वळतातही तीच. मागची काय, येतात मागनं."

"तुम्ही म्हणाल तसं," मेकॅनिक म्हणाला.

मागे आम्हीच राहिलो. आभाळ भरून आले की माझा जीव टांगणीला लागायचा.

एके सकाळी मालकीणबाई सासूबाईंना डोळे तपासायला नेत होत्या. रिमझिम पाऊस होता. उतारावरच्या वळणावर त्यांनी वेग कमी केला आणि माझी पकड सुटली. मी खूप धडपडलो, पण रस्ता हाती लागेना. गाडीची मागची बाजू गर्रकन फिरली. समोरून येणारा ट्रक कसाबसा थांबला.

"अगं, आपलं तोंड घराकडे कसं झालं?" मागे बसलेल्या सासूबाईंनी विचारले. मालकीणबाईंनी गाडी हळूहळू कडेला घेतली.

"हळू चालवायचं ना," मालक घरी म्हणाले.

"हळूच होते हो. पुढची चाकं घसरली असती तर स्टिअरिंग हलकं लागलं असतं, मी सावरलं असतं. मागचं मला कळलंच नाही. आणि मागे आई बसल्या होत्या."

मालकांनी गाडीची किल्ली उचलली. मग गाडी घेऊन ते स्वतःच गॅरेजमध्ये गेले आणि नवे टायर मागे लावून घेतले.

आता मी पुढे आहे. जरा घसरलो तरी बाईंच्या हातांना लगेच कळते. पण धास्ती गेलेली नाही, कारण मी रोज थोडा झिजतोच आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात असे तुम्हाला शिकवतात. मला मात्र जपू नका. अधूनमधून वाकून माझ्या खाचा बघा आणि त्या संपत आल्या की मला खुशाल उतरवून टाका. अडगळीत पडून राहीन, पण त्या सासूबाईंना घेऊन पुन्हा घसरायची वेळ माझ्यावर आणू नका.