गोल तिकीट आणि दोरेबाई

रेल्वेच्या नकाशाखोलीत भिंतभर एक नकाशा होता आणि त्याच्यासमोर एकोणतीस वर्षं दोरेबाई होत्या. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. टाचण्या रोवायच्या, त्यांना दोरा गुंडाळायचा, तो पट्टीवर ठेवून अंतर सांगायचं, हे त्यांचं काम. कुणी घाई केली की त्या मुद्दाम सावकाश मोजत.

मग मोठ्या साहेबांच्या डोक्यातून गोल तिकीट निघालं. कुठल्याही स्थानकावरून निघा आणि एकही स्थानक दुसऱ्यांदा न लागता फिरून तिथेच परत या. प्रत्येक स्थानकासाठी असा सगळ्यात छोटा फेरा कोणता, त्याची यादी शुक्रवारी हवी होती. स्थानकं दोनशे बारा! साहेबांनी काम नकाशाखोलीला दिलं, तसंच वरच्या मजल्यावरच्या संगणकवाल्या मुलीलाही दिलं. "तिला जमलं तर नकाशाखोली बंद. दोरेबाईंना हरवलेल्या सामानाच्या गोदामात पाठवू," असंही म्हणाले. आता उतारवयात लोकांच्या छत्र्या मोजायच्या? दोरेबाई त्याच दिवशी दोऱ्याने फेरे मोजून वहीत उतरवायला बसल्या.

खरी गंमत पुढेच आहे. ती संगणकवाली मुलगी म्हणजे दोरेबाईंची सून. नोकरीला चारच महिने झालेले, अजून कायम व्हायची होती.

गुरुवारी संध्याकाळी सुनेने स्वयंपाकघरातल्या टेबलावर यादी ठेवली. "आई, बघा ना! दोनशे बाराच्या दोनशे बारा. दोन मिनिटांत!"

दोरेबाईंनी चष्मा लावला. पहिलं स्थानक: पुढच्या स्थानकावर जा, परत या, सहा किलोमीटर. दुसरं: मागच्या स्थानकावर जा, परत या, चार किलोमीटर. सगळी यादी तशीच. जायचा रूळ वेगळा, यायचा रूळ वेगळा. संगणकाने ते दोन वेगळे रस्ते धरले आणि झाला फेरा!

दोरेबाईंना हसू आवरेना, ते त्यांनी खोकल्यावर निभावून नेलं. उद्या साहेब ही यादी उघडणार, सगळे पोट धरून हसणार, आणि मग नकाशाखोलीला कुणी हात लावणार नाही. त्यांनी फक्त मूग गिळून गप्प बसायचं होतं. त्या बटाटे सोलायला लागल्या. मागे सून फोनवर आपल्या आईला सांगत होती, "अगं, पहिल्यांदाच सगळं माझं मी केलंय." तिसऱ्या बटाट्याला दोरेबाईंनी सुरी खाली ठेवली. आपलेच दात, आपलेच ओठ, करता काय?

"फोन ठेव बघू," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन त्याच रस्त्याने परत आलीस, तर गावाला फेरी मारून आले म्हणशील का?"

सून आधी हसली. मग यादीकडे बघून तिने कपाळावर हात मारला आणि संगणक उघडला.

नवी यादी दोघींनी दोरेबाईंच्या वहीतल्या फेऱ्यांशी ताडून पाहिली. अकरा स्थानकं पुढे रूळच संपणाऱ्या फाट्यांवर, त्यांना फेराच नव्हता. तिथे दोघींचं एकमत. बाकीचीही जुळली, दोन सोडून. त्या दोन्ही ठिकाणी संगणकाचा फेरा छोटा निघाला, दोरा हरला होता. "मेल्याने पकडलंच मला," दोरेबाई संगणकाला म्हणाल्या.

शुक्रवारी साहेब यादीवर खूश झाले. "वा! म्हणजे आता नकाशाखोली..."

"साहेब," सून उभी राहिली, "कालपर्यंत माझे सगळे फेरे चुकीचे होते. दोरेबाईंनी चूक पकडली. रूळ ओळखणारं माणूस शेजारी नसेल, तर माझा संगणक दोन मिनिटांत दोनशे बारा चुका करतो. मला नकाशाखोलीतच बसवा."

कायम होण्याआधी कुणी असं बोलतं का? दोरेबाईंनी टेबलाखालून तिला चिमटा काढला, तरी ती बसेना. साहेबांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "बरं, बसा दोघी एकत्र. पण घरची भांडणं घरी!"

जिन्यात दोरेबाईंनी सुनेचा हात धरला. सून म्हणाली, "आई, काल तुम्ही गप्प बसला असतात तर?"

"बसणारच होते गं," त्यांच्या तोंडून खरं ते निघून गेलं.

सुनेने आधी डोळे वटारले. मग सासूच्या गळ्यात पडून ती इतकी हसली, की वरच्या मजल्यावरून लोक डोकावून बघायला लागले.