काचेतला फौजी

मित्रांनो, मला जुना म्हणा, विटलेला म्हणा, मी रागावणार नाही. फक्त 'इमेज' म्हणू नका. मी फोटो आहे. रिळावर काढलेला, नाशिकच्या लॅबमध्ये धुतलेला, हातात धरता येईल असा कागदाचा फोटो. देवळाली कॅम्पच्या बाजारात, एका छोट्या स्टुडिओच्या दर्शनी काचेत मी अठरा वर्षे उभा होतो. एवढी वर्षे एका जागी उभे राहायला शिपायालाही कोणी सांगत नाही.

माझा जन्म सावळीरामांच्या हातून झाला. स्टुडिओ त्यांचाच. तोफखान्याचे प्रशिक्षण संपले की नवी पोरे घरी पाठवायला फोटो काढून घेत, आणि कॅम्पात त्यासाठी सावळीरामांचे नाव होते. २००७ साली रंगनाथ नावाचा एक वीस वर्षांचा पोरगा आला. गाव सिन्नरकडचे. दारातून आत येताच त्याने "जयहिंद" केले, सावळीराम "जयभीम" म्हणाले आणि त्याला स्टुलावर बसवले. पोरगा इतका ताठ बसला, की त्याच्या पाठीला फळी बांधली आहे असे वाटावे. सावळीरामांनी हनुवटी खाली करायला सांगितली, खांदे सैल सोडायला सांगितले, काही उपयोग होईना. तेवढ्यात पडद्याआडून त्यांच्या बायकोने, यशोदाबाईंनी, सहज विचारले, "जेवलास का रे पोरा?"

प्रशिक्षणाच्या नऊ महिन्यांत त्याला हे कोणी विचारले नव्हते. तो हसला, आणि सावळीरामांनी बटण दाबले. तो हसरा क्षण म्हणजे मी.

मी इतका चांगला उतरलो की सावळीरामांनी माझी एक मोठी प्रत स्वतःसाठी करून घेतली. अंडाकृती कापलेला पांढरा पुठ्ठा माझ्यावर ठेवला, म्हणजे फक्त चेहरा आणि खांदे दिसावेत, आणि मला काचेत लावले. त्यानंतर कित्येक फौजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "असाच काढा." खोटे कशाला बोलू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

मग दिवस फिरले. फोटो काढणारे यंत्र ज्याच्या त्याच्या खिशात आले. सावळीराम गेले. स्टुडिओत आता यशोदाबाई आणि त्यांची लेक राखी पासपोर्टचे फोटो काढतात, झेरॉक्स देतात. माझ्या शेजारची बाळे आणि नवरानवरी एकेक करून काढली गेली. मी राहिलो, पण माझ्याकडे कोणी बघेनासे झाले. समोर शोभेच्या माशांचे दुकान आहे. लोक माझ्या काचेला पाठ टेकवून तिकडचे मासे बघत.

म्हणून, मित्रांनो, एके दिवशी एक माणूस माझ्यासमोर थांबला तेव्हा मी हुरळून गेलो. पस्तिशीचा असेल. काखेत हेल्मेट, कानाला फोन, बोलणे अगदी गोड. त्याने रुमालाने माझी काच पुसली, उन्हाची तिरीप पडू नये म्हणून तो बाजूला वाकला आणि मोबाइलने माझे चार-पाच फोटो घेतले. इतक्या प्रेमाने मला कित्येक वर्षांत कोणी पाहिले नव्हते. तो मला आवडलासुद्धा. याची मला आजही लाज वाटते.

दीड वर्ष गेले. या मार्च महिन्यातली एक दुपार. बाजार दुपारी एक ते चार बंद असतो. शटर खाली होते, रस्ता रिकामा होता. एक मुलगी पाठीला फुगलेली सॅक लावून भराभर चालत आली. माझ्यावरून तिची नजर गेली, ती दोन पावले पुढे गेली आणि तशीच मागे फिरली. तिने काचेवर दोन्ही हात ठेवले. तिचे डोळे भरून आले होते.

"खरा आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "देवा, खरा आहे."

तिने फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मला दोन्हीकडचे ऐकू आले.

"सोमनाथ, मी कॅम्पात आलेय. रागावू नको. गेटवर तुझं नाव सांगून विचारलं तर त्यांनी काही सांगितलं नाही, परत पाठवलं. पण आता तुझा फोटो बघितला! स्टुडिओच्या काचेत!"

पलीकडून एक गोड आवाज आला. "अगं, तो होय? तो माझाच. स्टुडिओवाल्याला लई आवडला होता. आता पटलं ना? मग उशीर नको करू, उज्वला. सव्वाचारची गाडी हे. नाशिकरोडला पुलाखाली थांबतो. ओरिजिनल कागदं घेतलीस ना? आणि घरी कोणाला फोन नाय लावायचा. लग्न झाल्यावर सांगू."

तो आवाज मी ओळखला. काच पुसताना हाच माणूस फोनवर कोणाशी तरी असाच गोड बोलत होता.

मित्रांनो, तुमच्या लक्षात आले असेल. तिचा संशय फिटला तो माझ्यामुळे. बिचारी शहाणी होती, आधी चौकशी करायला आली होती. आणि चौकशीत मीच खोटी साक्ष दिली होती, तीही हसत हसत. मला ओरडायचे होते, पण फोटोला तोंड असते, आवाज नसतो.

ती सॅक सावरून रिक्षाच्या दिशेने निघाली. जाऊ नको, जाऊ नको, एवढेच मी मनात म्हणत राहिलो. कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. परत आली. मोबाइल काढून माझा फोटो घेऊ लागली, पण काचेत तिचीच सावली पडत होती. तिने इकडेतिकडे पाहिले आणि शटर वाजवले.

मागच्या दाराने यशोदाबाई आल्या. डोळे झोपेने जड, कपाळावर आठ्या. "चारला उघडतं, बाळा."

"मावशी, एवढं एकच काम करा. या फोटोची कॉपी पाहिजे. मोबाइलमधल्या फोटोला आमची आई खोटं म्हणते. असा दुकानातला, चौकटीतला फोटो हातात दिला तर मानंल ती. लवकर द्या, मला गाडी गाठायची हाय."

"कोण लागतो तुझा?"

उज्वला लाजली. "होणारे मिस्टर."

यशोदाबाईंच्या आठ्या गेल्या आणि त्यांनी तिच्याकडे, मग तिच्या सॅककडे, नीट पाहिले. त्यांनी काचेचे कुलूप उघडले, मला बाहेर काढले आणि तिला आत घेतले. "राखी, इकडे ये गं," त्यांनी हाक मारली. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटे झाली होती.

"नाव काय म्हणालीस त्याचं?"

"सोमनाथ."

"पोरी, हा सोमनाथ नाही. हा आमचा रंगनाथ आहे. दोन पोरांचा बाप."

उज्वला हसली, अगदी समजूत घालावी तसे. "तुमचा काहीतरी घोळ होतोय, मावशी. इतक्या जणांचे फोटो काढता तुम्ही. मी रोज बघते हा चेहरा. आठ महिने झाले. या हसण्यावरच तर..." पुढचे तिने गिळले.

ते हसणे कोणासाठी होते, हे त्या खोलीत फक्त यशोदाबाईंना आणि मला ठाऊक होते.

राखीने माझ्या चौकटीच्या मागचे खिळे उपसले. अठरा वर्षांनी माझ्या पाठीला वारा लागला. तिने पांढरा पुठ्ठा उचलला आणि मी पहिल्यांदाच पूर्ण दिसलो. छातीवरच्या काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत नाव होते, 'रंगनाथ'. इतकी वर्षे ते पुठ्ठ्याखाली झाकलेले होते.

उज्वला ते वाचत राहिली. मग पटकन म्हणाली, "दुसऱ्याचा शर्ट घातला असंल. मित्राचा."

राखीने मला पालथे केले. मागे सावळीरामांच्या हातची पेन्सिल होती: रंगनाथ, फेब्रुवारी २००७.

"तो किती वर्षांचा आहे म्हणाला?" राखीने विचारले.

"सत्तावीस."

"म्हणजे तेव्हा नऊ वर्षांचा."

उज्वलाने घड्याळाकडे पाहिले. साडेतीन होत आले होते. "मोठा भाऊ असंल," ती म्हणाली, पण आवाज बारीक झाला होता. तिने सॅक उचलली. "राहू द्या ती कॉपी. मला जाऊ द्या. ते वाट बघत असतील." ती दाराकडे वळली. तिला सत्य नको होते, मित्रांनो. आठ महिने जे मनात जपले ते एका पेन्सिलच्या ओळीवर कोण सोडून देईल? मी तिला दोष देत नाही.

यशोदाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "पाच मिनिटं दे मला. मग तुला मीच रिक्षात बसवते."

राखीने व्हिडिओ कॉल लावला. रंगनाथ दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला तेव्हा बायकोपोरांना घेऊन इथेच फोटो काढून गेला होता, नंबर तेव्हाचा. फोन वाजत राहिला. एकदा कट झाला. राखीने पुन्हा लावला. उज्वलाचा पाय उंबऱ्याबाहेर होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

"बोला काकू," पडद्यावर रंगनाथ आला. कानशिले पांढरी, गाल भरलेले, गळ्यात टॉवेल, मागे गोठा. पण नाक तेच, डोळे तेच. राखीने फोन उज्वलासमोर धरला आणि टेबलावरून मला उचलून शेजारी धरले. मुलीने त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा त्याच्याकडे पाहिले. तिच्या हातातून सॅक खाली पडली.

यशोदाबाईंनी काय झाले ते सांगितले. रंगनाथने गळ्यातल्या टॉवेलने तोंड पुसले.

"ताई," तो म्हणाला, "तू दुसरी हेस. मागल्या दिवाळीत एक पोरगी आईला घेऊन माझ्या घरी आली. माझ्या बायकोपुढं म्हणली, हेच ते. मी लय शपथा घेतल्या. बायको आठ दिवस बोलली नाय. पोराला शाळेत पोरं चिडवत्यात. फोटो कुठून गेला, तेच कळत नव्हतं." तो थांबला. "काकू, तो काचेतून काढा. हात जोडतो."

ज्याचा मी चेहरा, त्याच्याच घरात मी विस्तव टाकला होता. ज्या काचेचा मला एवढा अभिमान होता, ती नको झाली.

उज्वला खुर्चीत बसून होती. रडत नव्हती, नुसती बसली होती. यशोदाबाईंनी पाणी दिले. "असं कसं गं करतात लोक?" त्या राखीला म्हणाल्या.

"याला कॅटफिश म्हणतात, आई. समोरच्या दुकानात काचेला चिकटलेला काळा मासा आहे ना, तो कॅटफिश. बाजारात मिळतो तो मांगूर, तोही कॅटफिशच. आणि दुसऱ्याचा चेहरा लावून फोनवर माणसं फसवतो, त्यालाही तेच म्हणतात."

"मांगराला कशाला बदनाम करता?" यशोदाबाई संतापल्या. "त्याच्या मिशा त्याच्या स्वतःच्या असतात."

तेवढ्यात उज्वलाचा फोन वाजला. चारला दहा कमी होते. तिघी फोनकडे बघत राहिल्या. तो थांबला, पुन्हा वाजला. उज्वलाने उचलला.

"कुठं हेस? गाडी लागंल आता!" गोड आवाजाला आता धार आली होती.

"रंगनाथ कोण?" तिने विचारले.

पलीकडे फलाटाचा गलका तेवढा ऐकू आला. मग फोन बंद झाला. नंतर लावला तर लागेना. राखीने रेल्वे पोलिसांना कळवले, पण पुलाखाली हजार माणसे. त्यांनी शोधायचा तरी कोणता चेहरा? त्यांना देण्याजोगा एकच फोटो होता, आणि तो रंगनाथचा, म्हणजे मी.

मग उज्वलाने घरी फोन केला. "अप्पा, मी पॅकहाऊसवर द्राक्षं भरायला नाय गेले. कॅम्पात हाय. मला घ्यायला या." एवढे बोलल्यावर ती रडली, आणि ती रडली म्हणून मला बरे वाटले. दोन तासांनी तिचे वडील पिंपळगावहून आले. लेकीला एक शब्द बोलले नाहीत. यशोदाबाईंपुढे हात जोडून उभे राहिले, आणि खाली पडलेली सॅक स्वतःच्या खांद्याला लावली.

दुसऱ्या दिवशी बापलेक राखीला बरोबर घेऊन सायबर पोलिसांकडे गेले. तक्रार झाली. तो माणूस अजून सापडलेला नाही.

मला पुन्हा काचेत लावले नाही. आता मी कपाटात आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. कोणी बघत नाही, कोणी कौतुक करत नाही. आधी वाईट वाटले, आता नाही. माझा चेहरा माझा नव्हताच, तो एका माणसाने विश्वासाने दिला होता, आणि तो सांभाळणे हेच माझे काम होते.

पण एक गोष्ट मला कपाटातही स्वस्थ बसू देत नाही. निघताना उज्वला राखीला हळूच म्हणाली होती, "ताई, माझे फोटो हायेत त्याच्याकडं. पन्नास तरी असतील." पोलीसही म्हणाले, गेलेला फोटो परत आणता येत नाही.

म्हणून, मित्रांनो, तुमच्यापाशी एक मागणे आहे. द्राक्षांच्या पॅकहाऊसच्या दारात, डोक्यावर पांढरी टोपी घातलेली, हातात कात्री घेऊन हसणारी एक मुलगी कधीतरी तुमच्या फोनवर येईल. नाव दुसरेच असेल, बोलणे फार गोड असेल. तेव्हा भुलू नका, आणि तिला शिव्याही देऊ नका. तो फोटो पुढे पाठवू नका. ती पिंपळगावची उज्वला आहे. तिने तुम्हाला काहीही लिहिलेले नाही.