गिलबेकचा लाकडी आडोसा

मित्रांनो, मी मतदानाचा एक जुना लाकडी आडोसा आहे. तीन फळ्या, कागद टेकवायला एक फळकूट आणि सुतळीने बांधलेली पेन्सिल, एवढाच माझा देह. उत्तर इंग्लंडातल्या थ्रॉसडेल मतदारसंघात, अगदी वरच्या गिलबेक गावी एका सुताराने मला घडवलं. एरवी तो शवपेट्या करी, त्यामुळे माझे सांधे पक्के बसले.

आमच्या मतदारसंघात वर डोंगरात मेंढपाळ, मध्ये दगडाच्या खाणी आणि खाली बाजाराचं गाव. मेंढपाळ निळ्या पक्षाचे, खाणकामगार लाल पक्षाचे, आणि बाजारवाले ज्याने शेवटचा चहा पाजला त्याचे. मेंढ्या माणसांच्या कितीतरी पट. त्यांना मत नव्हतं, पण भाषणं सगळी त्यांच्यावरच होत.

दर निवडणुकीला विल्फ टायसन आणि त्याची बायको एस्थर जोडीने येत. तो मेंढपाळ, ती खाणकामगाराची लेक. दोघांची मतं एकमेकांना खोडतात, हे गावाला ठाऊक होतं. मतपत्रिका देणाऱ्या ब्रॅथवेटबाई म्हणत, दोघंही घरी बसलात तरी निकाल तोच लागेल, बूट तेवढे कोरडे राहतील. पण आपण थांबलो आणि दुसरा गुपचूप जाऊन आला तर? म्हणून दोघं बर्फ तुडवत येत. माझ्याकडे वळताना एस्थर नवऱ्याला म्हणे, "थांब, तुला खोडून येते."

निवडणूक नसली की विल्फ मला मेंढवाड्यात नेई. आई नसलेली कोकरं माझ्या आडोशाला झोपत. पुढच्या मतदानाला मला त्यांचा वास येई. त्याबद्दल तक्रार फक्त खालून आलेल्या साहेबांनी केली.

मग राजधानीत कोणीतरी मतदार मोजले. आमच्याकडे ते कमी भरले. आमचं खोरं डोंगरापलीकडच्या मतदारसंघाला जोडायचं ठरलं. हिवाळ्यात तिकडचा रस्ता बंद असतो, पण नकाशावर बर्फ दाखवत नाहीत. थ्रॉसडेलची ती शेवटची निवडणूक. पुढच्या वेळी पुठ्ठ्याचे, घडीचे आडोसे येणार होते.

त्या दिवशी एस्थर एकटीच आली. विल्फ हिवाळ्यात वारला होता. तिच्यासोबत आलेला विल्फचा कुत्रा नेहमीसारखा दाराशी बसला आणि रस्त्याकडे बघत राहिला. लग्नानंतर पहिल्यांदाच तिचं मत शिल्लक उरणार होतं, आणि तेच तिला जड झालं होतं. फळकुटावर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. मागे माणसं ताटकळली होती, पण कोणी खाकरलंसुद्धा नाही.

ती बाहेर आली तेव्हा ब्रॅथवेटबाई सवयीने विचारून बसल्या, "आज कोणाला खोडलंस गं?"

"कोणालाच नाही," एस्थर म्हणाली. "म्हणून तर वेळ लागला."

तिने फुली कुठे मारली ते मला ठाऊक आहे, मित्रांनो. सांगणार नाही. जन्मभर मी तेवढं एकच काम केलं.

संध्याकाळी तिने मला मागून नेलं. आता मी तिच्या मेंढवाड्यात असतो. तुमच्या गावात माझा कोणी भाऊबंद माळ्यावर पडला असेल, तर त्याला सरपणात घालू नका. माणसाला घटकाभर एकटं उभं राहायला आडोसा लागतो. कोकराला ऊन येईपर्यंत लागतो.